इंजिन तापते तेव्हा : जुन्या जोंगाच्या निमित्ताने

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त फिटरने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या आधी पेन्शन होते आणि माझ्यानंतर जेवण आहे. मधेच हा रेडिएटर कुठून आला, असे काहींना वाटले असेल. त्याचे कारण सांगतो. टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसचे ड्रायव्हर या वर्गात आहेत. रेल्वेच्या रस्त्यावरील गाड्या चालवणारे आहेत, शेडमधले फिटर आहेत. शिवाय निवृत्तीच्या पैशातून जुनी गाडी घेऊन ठेवलेलेही दोघे-तिघे मला दिसताहेत. गाडी जुनी झाली की ती तापते. तापली की कोणीतरी सांगते, पाणी ओता आणि चालवा. चार दिवसांनी इंजिन बसते आणि पहिला कागद निघतो तो ड्रायव्हरच्या नावाने. घरची गाडी असेल तर कागद निघत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांची पेन्शन गॅरेजवाल्याकडे जाते. म्हणून हा विषय घ्या असे मीच संयोजकांना सुचवले.

उदाहरण म्हणून जोंगा घेतो. जबलपुरात बोलायचे आणि दुसऱ्या गाडीचे नाव घ्यायचे हे मला जमणार नाही. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. गाडीचे मूळ जपानचे, निसान पेट्रोल या गाडीचे. इथे गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची. तिच्यानंतर १९६९ साली वाहन निर्माणी उभी राहिली. तिथे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याचा शक्तिमान ट्रक, निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा अशा गाड्या लष्करासाठी तयार झाल्या. शक्तिमान १९९६ साली बंद झाला, जोंगा १९९९ साली. पुढे १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळच मोडले, त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि वाहन निर्माणी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. त्याविषयी माझे मत तिखट आहे, पण आज ते बाजूला ठेवतो.

लष्कराने मोडीत काढलेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या आणि कुठे कुठे पोचल्या. डोंगरात लाकडे ओढतात, शेतावर जातात, काही हौशी लोकांच्या दारात रंगवून उभ्या आहेत. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. बीड ओतीव लोखंडाचे, अंगाने दणकट. तरीही उन्हाळ्यात नागपूरहून निघालेली जोंगा खवासा सोडून कुरईचा घाट चढू लागली की काटा लालाकडे सरकतो, ही तक्रार मी इतक्या मालकांकडून ऐकली आहे की मोजदाद नाही. प्रत्येकाला वाटते की या गाडीचा तो स्वभावच आहे. मला ते मान्य नाही. मे महिन्यात वाळवंटात, माणसे आणि सामान भरून चालावी म्हणून घेतलेली ही गाडी आहे. ती तापते आहे याचा अर्थ तिच्यातले काहीतरी बिघडले आहे, आणि जे बिघडले आहे ते शोधता येते.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक चाकांच्या कामी येतो. साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तितकाच पाण्याला बाहेर नेऊन टाकावा लागतो. बाकी अंगावरून हवेत जाते. म्हणजे गाडी ओढायला जितकी ताकद लागते तितकीच उष्णता रेडिएटरला अखंड फेकत राहावी लागते. या कामाचे तीन भाग आहेत. इंजिनाने गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करू नये. पाण्याने ती रेडिएटरपर्यंत वाहून न्यावी. रेडिएटरने ती हवेला द्यावी. इंजिन तापले की या तिघांपैकी कोण कामचुकारपणा करतो आहे ते आधी ठरवायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. आपल्याकडे उलटे चालते. आधी थर्मोस्टॅट काढून फेकतात, मग वॉटर पंप बदलतात, मग नवा रेडिएटर, आणि शेवटी कळते की पट्टा सैल होता.

डिझेल शेडमधल्या लोकांना हे नवे नाही. डब्ल्यूडीएम-२ या सोळा सिलिंडरच्या लोकोत पाण्याचे तापमान वाढले की ठरल्या टप्प्यांवर रेडिएटरचा पंखा हळू आणि मग जोरात फिरायचा. त्यापुढे गेले की गरम इंजिनाची घंटा वाजायची आणि पाणी कमी झाले तर इंजिन आपोआप बंद व्हायचे. तिथे ड्रायव्हरच्या जोडीला यंत्र होते. जोंगात घंटा नाही. काटा आहे, नाक आहे आणि ड्रायव्हरची अक्कल आहे.

आता गाडी रस्त्यात तापली आहे असे धरा. बॉनेटमधून वाफ येते. कडेला घ्या, एसी किंवा इतर बोजा असेल तर बंद करा. पट्टा शाबूत आहे आणि पाणी भसाभस बाहेर येत नाही असे दिसले, तर इंजिन न्यूट्रलवर थोडे जोराच्या आयडलला एक-दोन मिनिटे चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप चालू राहून उष्णता निघते. काटा खाली येत नसेल, पट्टा तुटला असेल, किंवा पाणी गेलेले असेल तर ताबडतोब बंद करा. पुढच्या स्टँडपर्यंत नेऊ, दोनच किलोमीटर आहेत, असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका. त्या दोन किलोमीटरमध्ये हेड वाकडे होते.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. हे मी दोनदा सांगणार आहे, हे पहिल्यांदा. आत पाणी दाबाखाली आहे. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८-९९ अंश सेल्सिअसला उकळते. पण चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब धरणारे झाकण असेल तर आतले पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट बाहेर फेकले जाते, थेट तोंडावर. वर ओले पोते टाकले तरी हात भाजतो. अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप हाताने दाबता येईल इतका निवला आणि मऊ पडला की मग जाड फडके धरून, तोंड बाजूला करून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मग पुढे. कोणी भाजलेच तर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी त्यावर सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका आणि दवाखाना गाठा.

तसेच, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचे नाही. ओतीव लोखंड एकदम आकसते आणि तडकते. बीड तडकले तर जोंगाचा दुसरा ब्लॉक आता कुठल्या दुकानात मिळणार नाही, भंगारात शोधावा लागेल. पाणी घालायचेच तर निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने.

हे झाले वाचवणे. आता निदान. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड असताना पाहायची. पण हात लावण्याआधी ड्रायव्हरला विचारायचे की ती नेमकी कधी तापते. निम्मे निदान या उत्तरात असते आणि गॅरेजात हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

उभी असताना किंवा गर्दीत तापते, आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवते, असे उत्तर आले तर हवेकडे बघा. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. पट्टा सैल आहे का? दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण दहा-बारा मिलिमीटर आत जावा. त्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो घसरतो आहे. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच रंगकामाच्या वेळी काढून ठेवले आणि परत बसवले नाही, हे जुन्या गाड्यांत फार आढळते. ते नसेल तर पंखा स्वतःभोवतीचीच हवा घुसळत बसतो. पंखा उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे. तो वारा देत होता, पण कमी. मेल मोटरच्या भावांनो, तुमच्या गाड्या दर पाच मिनिटांनी थांबतात, थैल्या चढतात-उतरतात, त्यामुळे तुमच्याकडे हीच तक्रार सर्वांत आधी येणार.

चढावर किंवा जोरात असताना तापते, आणि उभी राहिली की ठीक, असे असेल तर हवा पुरेशी आहे, पाण्याचे वाहणे कमी पडते आहे. रेडिएटर आतून बुजला आहे, पंपाची पाती झिजली आहेत, किंवा खालचा होज पाइप चपटा होतो आहे. हा शेवटचा प्रकार मोठा फसवा असतो. खालच्या पाइपमधून पंप पाणी ओढतो. पाइप जुना होऊन आतले स्प्रिंग गंजले असेल तर जोरात असताना तो चिमटल्यासारखा बंद होतो आणि गाडी थांबवून बघावे तर पुन्हा गोल. म्हणून उभ्या गाडीतच ॲक्सिलरेटर दाबून त्या पाइपकडे बघायला दुसरा माणूस लागतो. हात मात्र पंख्यापासून लांब ठेवा.

चढावरच्या तापण्याचे आणखी एक कारण रेडिएटरच्या बाहेर असते. पॉइंटचे टायमिंग मागे गेले असेल तर पेट्रोल उशिरा जळते, ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंतीला आणि एक्झॉस्टला जाते. डिस्ट्रिब्यूटरवरच्या व्हॅक्यूमचा पडदा फाटला की तोच परिणाम. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकून मिश्रण पातळ झाले तरी तेच. ब्रेक चिकटून चाक जड फिरत असेल तर इंजिन दिवसभर चढच चढते आहे असे समजा. चारही ड्रमला गाडी थांबल्या थांबल्या जवळून हात दाखवा, जो जास्त तापला असेल तो कळतो.

सुरू केल्यापासून पाच मिनिटांतच तापते, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाण्यात हवा कोंडली आहे, किंवा हेड गॅस्केट गेले आहे.

आणि एक चौथे उत्तर असते: काटा चढतो, पण वाफ नाही, वास नाही, पाणी कमी होत नाही. तेव्हा काट्यावरच शंका घ्या. विजेच्या काट्याची तार कुठे सोलून लोखंडाला लागली तरी काटा लालाच्या टोकाला जातो. एक तापमापक घेऊन, इंजिन थंड असताना झाकण काढून, पाण्यात धरून हळूहळू गरम होऊ द्या आणि काट्याशी ताडून पाहा. आता दुरून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी यंत्रे स्वस्तात मिळतात, तीही चालतील. उलटा प्रकार जास्त घातक. पाणी इतके कमी झाले की मोजणारा सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली येतो. ड्रायव्हरला वाटते निवली, आणि इंजिन आत जळत असते. काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, थांबा.

सकाळच्या थंड तपासणीत पाण्याचा रंग पाहा. गंजाचा तांबडा गाळ असेल तर ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरांभोवती तोच साठलेला आहे. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा डिपस्टिकवर दुधासारखे तेल, यातले काही दिसले तर बाकी सगळे सोडा आणि गॅस्केटचा विचार करा. झाकणाचे रबर चिरले आहे का आणि स्प्रिंग दाब धरते का ते बघा. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत शेवटी बदलली जाते. ते दाब धरत नसेल तर पाणी दहा-बारा अंश आधीच उकळते आणि मालक म्हणतो इंजिनात दोष आहे.

रेडिएटरच्या जाळीसमोर उजेड धरून मागून बघा. चिखल, किडे, गवत, कोंडा. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, समोरून मारलीत तर घाण आणखी आत जाते. पुढे लावलेले जादा दिवे, कॅन, पाटी काढून टाका. हिवाळ्यात बांधलेले गोणपाट एप्रिलपर्यंत तसेच राहिलेले मी पाहिले आहे.

थर्मोस्टॅटविषयी थोडे जास्त बोलतो, कारण याबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहे. जोंगा घेतलेल्या दहा जणांपैकी पाच-सहा जण तो काढून टाकलेला अभिमानाने दाखवतात. 'आमच्या हवेत लागत नाही.' दुसरा जाणकार म्हणतो, तो नसला की पाणी इतक्या जोरात पळते की त्याला निवायला वेळच मिळत नाही. हे कारण मला पटत नाही. पाणी भराभर फिरले तर उलट जास्त उष्णता नेते. खरी गोष्ट अशी की बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट असते. इंजिन थंड असताना पाणी त्या वाटेने इंजिनातच फिरते आणि काही बनावटींत थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढलात तर ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर न बघताच परत इंजिनात जातो. शिवाय जानेवारीत इथे पहाटे चांगलीच थंडी पडते. इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल न जळता तेलात उतरते आणि रिंगा लवकर झिजतात.

तपासायची रीत घरचीच आहे. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवलेला, तळाला टेकू द्यायचा नाही. सोबत तापमापक. गॅस लावा. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, ७६, ८२ असा काही. त्या आकड्याच्या आसपास तो हलू लागला आणि पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला. उकळल्यावरही उघडला नाही तर टाकून द्या. दहा मिनिटांचे काम आहे आणि पातेले परत घरात न्यायच्या आधी नीट घासा, नाहीतर त्याचे निदान घरची मंडळी वेगळ्या रीतीने करतील.

आता रेडिएटर आतून. इंजिन गरम करून, बंद करून, पंखा थांबल्यावर जाळीवर हात फिरवा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. नव्या गाडीत हे करताना सावध राहा, विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करून घ्या आणि पुन्हा डाख देऊन घ्या. नवा ॲल्युमिनियमचा आणण्यापेक्षा मला हे जास्त पसंत आहे.

बुजते ते कशाने? निम्मे आपण ओतलेल्या पाण्याने. कटनीचा चुना देशभर जातो हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको, त्याच्या वाघिणी तुम्हीच ओढल्यात. ज्या जमिनीत चुनखडी आहे तिथल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. ते तापले की चुना भिंतीला धरतो. वाफेच्या इंजिनाच्या काळात बॉयलर ठरल्या मुदतीने धुवावा लागे तो याचसाठी. लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहतो, त्यामुळे पाणी कोमट आणि लोखंड लाल अशी अवस्था येते. पावसाचे गाळलेले किंवा बॅटरीचे पाणी वापरा आणि त्यात चांगल्या कूलंटचा तिसरा ते अर्धा हिस्सा घाला. कूलंट इथे बर्फासाठी नको, गंज थांबवण्यासाठी हवे. साठलेला थर काढायला लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून इंजिन थोडा वेळ चालवा आणि मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. संडास साफ करण्याचे ॲसिड घालू नका, ते चुन्याबरोबर धातूही खाते.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची चाल आपल्या ड्रायव्हर मंडळींत आहे. अडल्या वेळी, जंगलात, तिने घर गाठता येते हे मी नाकारत नाही. पण घरी पोचल्यावर ती काढून धुतली पाहिजे. ती तशीच राहते आणि बारीक नळ्यांत लापशी होऊन बसते. बाजारातल्या पुड्यांचेही तेच.

वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकत असेल तर आतले सील गेले. ते भोक एम-सील लावून बंद केलेले पंप मी उतरवले आहेत. त्यामुळे पाणी बेअरिंगमध्ये गेले आणि पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसण्याची वेळ आली. पंखा हाताने पुढे-मागे हलवा, खेळ जाणवला तर पंप उतरवा.

शेवटी हेड गॅस्केट. थंड इंजिन, पट्टा काढून ठेवलेला, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, झाकण उघडे. सुरू करून अर्धा-पाऊण मिनिटच चालवा. पंप फिरत नसल्याने पाणी शांत असायला हवे. बुडबुडे एकसारखे येऊ लागले तर सिलिंडरमधला धूर पाण्यात जातो आहे. कॉम्प्रेशन मोजून शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये जळले आहे. हेड उतरवले की नुसते नवे गॅस्केट घालून बसवू नका. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर घालून पाहा. दहावा हिस्सा मिलिमीटरहून जास्त पत्ता शिरला तर हेड फेस करून आणा. नट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने कसा. मग पाणी भरताना गाडीचे तोंड चढाकडे करा, सावकाश भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत झाकण उघडे ठेवून चालवा, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाईल.

आता एक प्रकरण सांगतो. कार्यालयाचे नाव घेत नाही. तिथल्या एका जुन्या व्हॅनचे इंजिन भर रस्त्यात जाम झाले. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि दुरुस्तीचा खर्च पगारातून वसूल करण्याचा आदेश निघाला. बाविसेक वर्षांची नोकरी, घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली. युनियनने मला यंत्राचा जाणकार म्हणून बरोबर नेले. आम्ही एकच मागणी केली, हेड आमच्यासमोर उघडा. उघडले. तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मधले गॅस्केट काळे पडून खाल्लेले, आणि रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या नळ्या पिवळ्या लगद्याने बुजलेल्या. एका दिवसात असे होत नाही, काही महिने लागतात. मग लॉगबुक मागवले. ड्रायव्हरने दोन महिन्यांत तीन वेळा लिहिले होते, 'रोज सकाळी पाणी घालावे लागते, तपासावे.' तिन्ही नोंदींखाली वरिष्ठांची सही होती, तपासणी एकदाही नव्हती. वसुली रद्द झाली. लेखी ताकीद मात्र त्यांच्या फाइलमध्ये राहिली, ती काढून घ्यायला आणखी वर्ष गेले.

त्या माणसाने नोंद करताना 'गाडी बरोबर नाही' असे मोघम लिहिले असते तर आम्हाला काही करता आले नसते. म्हणून लिहिताना किती लिटर पाणी लागले, किती किलोमीटरनंतर काटा कुठे होता, चढावर की उभी असताना, हे लिहा. तारीख घाला, सही घ्या, आणि जमेल तर मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. तापलेली गाडी तशीच पुढे न्या असा तोंडी हुकूम मिळाला तर तोही वेळेसह लॉगबुकात उतरवा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एक जण विचारतात, डिझेल इंजिन बसवलेल्या जोंगाचे काय? अशा बऱ्याच आहेत. तिथे इंजिन बदलले, पण रेडिएटर, पंख्याचे अंतर, पाइपचे वळण जुनेच राहिले. पंखा जाळीपासून लांब पडला असेल तर कवच नव्याने करून घ्या. पॉइंट आणि कार्बोरेटर तिथे नाहीत, त्याऐवजी पंपाचे टायमिंग आणि इंजेक्टर बघा. बाकी क्रम तोच.

दुसरी चिठ्ठी कूलंटची. काढलेले जुने कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे पितात, लहान मुलेही तोंड लावतात. झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर नाव लिहा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नको.

बाहेर एक सभासद आपली जोंगा घेऊन आले आहेत, सकाळी येताना तिचा काटा वर होता म्हणतात. दोन तास उभी आहे. जेवणाआधी ज्यांना यायचे त्यांनी या. झाकण मात्र, हे दुसऱ्यांदा सांगतो, पाइप दाबून बघितल्याशिवाय कोणी उघडायचे नाही.